बेल वाजवू नका

प्रिय टिटवी,

पत्र बघून दचकू नकोस. नंबर तू बदललास, आणि मी ज्या अ‍ॅपवर काम करते त्यावरून गिऱ्हाइकाला केलेला फोन, बुकिंग हातचं गेलं की लागतच नाही. तुझा पत्ताही मोबाइलमधून आपोआप पुसला गेला, पण माझ्या डोक्यातून कसा पुसणार? गिऱ्हाइकाशी असा परस्पर संबंध ठेवल्याचं कळलं तर माझं खातंच बंद करतील. करू देत बापडे.

पार्लर बंद झाल्यापासून मी अ‍ॅपवर आहे. खुर्ची-आरसा गेला, आता खांद्याला बॅग आणि घरोघर कटिंग. मोबाइल सांगेल तिकडे जायचं आणि गिऱ्हाइकासमोर हसायचं. माझ्या नावापुढे 'हसतमुख' असं आलंय. मी आणि हसतमुख! तुझे बाबा असते तर पोट धरून हसले असते. फोटोही अ‍ॅपने असा काही उजळून टाकलाय की माझी मलाच ओळख पटत नाही.

मंगळवारी तुझं बुकिंग आलं. नाव तुझं, आडनाव नवं. आधी म्हटलं, असतील या नावाच्या छप्पन जणी. पण खाली सूचना होती, मानेवर डावीकडे भोवरा आहे, तिथे केस फार आखूड करू नका. अगं, तो भोवरा तेल चोपडून चोपडून मीच बसवत आले ना! तू भांडून गेलीस त्यानंतर पहिल्यांदा तुझी खबर, आणि हे डबडं मला म्हणतं, तुमच्या जवळचं काम आहे, स्वीकारा.

स्वीकारलं. तुमच्या जिन्यापाशी पोचले आणि पाय उचलेचना. वर जाऊन काय करायचं? नमस्कार मॅडम म्हणायचं, मुस्कटात द्यायची, की गळ्यात पडायचं? अशी खुळ्यासारखी उभी असतानाच मोबाइल वाजला, बुकिंग दुसरीकडे दिलं आहे. बस, एवढंच.

तेव्हापासून डोक्याचा नुसता भुगा झालाय. माझ्याबरोबरची एक म्हणते, गिऱ्हाइकाने फोटो बघून नको म्हटलं की असं होतं. दुसरी म्हणते, छे, आपण एका जागी फार वेळ थांबलो की अ‍ॅपला वाटतं आपण येतच नाही, मग ते परस्पर दुसरीला देतं. मदतीसाठी लिहिलं, तर उत्तर आलं, तुमचा दिवस छान जावो. आता काय कपाळ बडवू? फोटोत तू मला ओळखलंसच नाही, की ओळखलंस म्हणूनच नको म्हणालीस, की तुला यातलं काहीच ठाऊक नाही? कधी तुझा राग येतो, कधी त्या मोबाइलचा, आणि भाजी चिरता चिरता मधेच रडू येतं.

पण खरं म्हणजे ते विचारायला लिहीत नाहीये. नको म्हणाली असशील तर असशील, तुझी मर्जी. भोवऱ्याखाली अजून एक ओळ होती. जिन्यापाशी माझे पाय धरून ठेवले ते तिनेच. 'बेल वाजवू नका, बाळ झोपलंय.' कुणाचं बाळ गं? शेजारणीचं असेल, नणंदेचं असेल, अशी मनाची समजूत घालते आणि फिरून तिथेच येते. तुझं असेल तर एवढंच कळव, मुलगा की मुलगी, आणि तुझ्यासारखंच टिटवीसारखं ओरडतं का. मी मोबाइल घरी ठेवून येईन. बेल वाजवणार नाही.

तुझीच,
आई