बाथरूमची कडी

चि. ठकूस,

तुझ्या बाबांचं लक्षण काही ठीक दिसत नव्हतं. महिनाभर बाथरूमला कडी लावून मोबाइलवर कुजबुज चालायची. विचारलं की म्हणायचे, "कुठे काय!" ह्या वयात हे थेर! शेवटी दाराला कान लावला, तर तुमच्या तिकडची भाषा घोकत होते.

काल व्हिडिओ कॉलवर तुझ्या लेकीशी बोलताना इतके चुकले, की ती लोळून हसली. हेही निर्लज्जासारखे हसले. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिने काहीतरी विचारलं आणि ह्यांचा चेहरा पडला. मला सांगेनात. मी खनपटीलाच बसले तेव्हा म्हणाले, "आजी मुकी आहे का, असं विचारत होती."

आज कडी मी लावलीय. पत्र पाठवत नाही. मी किती चुकते, ते तुला लेकीकडूनच कळू दे.

तुझी,
आई