पडताळणी करणाऱ्याचं नाव

दि. ३ मे

ती. सौ. ताईस,

साष्टांग नमस्कार पुढच्या पत्रात. सध्या उभ्याउभ्याच हात जोडतो, रागात कंबर वाकत नाही.

सगळं फिरलं ते सतरा एप्रिलला, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, आमच्या विभागाच्या सेमिनार हॉलमध्ये. पडद्यावर माझा नकाशा होता. सहा आठवडे सायकलवर अँटेना आणि मीटर घेऊन हिंडलो, चारशे बारा ठिकाणी मोबाइलचा सिग्नल मोजला, पायांचे तुकडे पडले, तो नकाशा. माझ्या मार्गदर्शक सरांनी विचारलं, कुणाला काही म्हणायचंय का. आणि आमच्याच वर्गातली वकीलबाई उभी राहिली. कोण ते तुला माहीत आहे. जिच्यापायी मी दोन वर्षं लॅबमध्ये सगळ्यांच्या आधी येऊन दोन खुर्च्या पुसून ठेवायचो, ती.

सरळ म्हणाली की हे सगळे आकडे चुकलेत. अँटेनापासून मीटरपर्यंतच्या केबलमध्ये जेवढा सिग्नल विरतो तेवढा आकड्यात परत मिळवायचा असतो. तो मीटर आपणहून मिळवत होता, आणि मी शहाण्याने कागदावर पुन्हा मिळवला. म्हणून सगळीकडे सिग्नल खऱ्याच्या दुप्पट दिसतोय. जिथे धड हॅलोसुद्धा ऐकू येत नाही तिथेही माझा नकाशा हिरवागार. मागून कुणीतरी खिदळलं.

ताई, चूक माझी, मान्य. पण आधी कानात सांगता आलं नसतं? एका टेबलावर डबा खायचो आम्ही! त्याआधीचे तीन आठवडे बाईसाहेब मला टाळत होत्या, मी दिसलो की जिना बदलायच्या. तेव्हाच ओळखायला हवं होतं की दुसरा कुणीतरी भेटलाय. मी लॅपटॉप मिटला आणि निघून आलो. मास्टर्सच्या अटी म्हणजे छत्तीस क्रेडिट, दोन सेमिनार, प्रबंध आणि सगळ्यांसमोर तोंडी परीक्षा. क्रेडिट माझे कधीच झालेत. बाकीचं त्यांना लखलाभ.

आता इथे एका ठेकेदाराकडे फायबर जोडतो. बाबांनी टेलिफोन खात्यात जन्मभर तांब्याच्या तारा जोडल्या, मी केसाएवढ्या काचेच्या जोडतो. घराण्याची प्रगती. त्यांना यातलं काही कळू देऊ नकोस. फोन बंद ठेवलाय. दूरसंचाराचा विद्यार्थी पत्रं लिहितोय, हसून घे.

लोभ असू दे, उपदेश नको.

तुझा,
तडतड्या


दि. ११ मे

चि. तडतड्यास,

अनेक आशीर्वाद, त्यातला एक पाठीत धपाटा म्हणून घे.

बाबा रोज विचारतात, तोंडी परीक्षा कधी. ती सगळ्यांना खुली असते हे त्यांना कुठूनसं कळलंय. मागच्या रांगेत बसेन म्हणतात, काही कळलं नाही तरी चालेल म्हणे. इस्त्रीचा शर्ट हँगरला लावून ठेवलाय. मी त्यांना सांगते की तू अभ्यासात बुडालायस. सांगताना माझी जीभ अडखळते, आणि ते मला पाणी आणून देतात.

म्हणून काल रजा टाकली आणि तुझ्या विभागात गेले. खिडकीतल्या कारकूनबाई फटकळ, पण तुझं नाव काढल्यावर त्यांनी आपणहून फाईल उघडली. तो तणतणत निघून गेलेला मुलगा ना, म्हणाल्या. फाईलमध्ये पदवीच्या अटींचा कागद आहे, खाली तुझी सही. नववी अट अशी, की प्रबंधातल्या मोजमापांचा दहावा हिस्सा दुसऱ्या विद्यार्थ्याने स्वतः फिरून पुन्हा मोजायचा, आणि पडताळणी करणाऱ्याचं नाव उमेदवारानेच सुचवायचं. त्या रकान्यात तुझ्या अक्षरात तिचं नाव आहे, लग्नपत्रिकेवर असावं तसं वळणदार काढलेलं. त्याखाली बारीक छापलंय, की पडताळणीत काय निघालं ते सेमिनारआधी उमेदवाराला सांगायचं नाही. सांगितलं तर दोघांचंही काम रद्द.

सही करताना हे वाचलं होतंस का रे? की ती आपल्याबरोबर सायकलवर हिंडेल एवढंच डोळ्यांपुढे होतं? ती जिना का बदलायची हे आता तुझं तूच समजून घे.

सुधारलेले आकडे द्यायला सेमिनारपासून सहा आठवडे मिळतात, म्हणजे एकोणतीस मेपर्यंत. त्यानंतर तुझी नोंदणी रद्द.

जेवत जा. राग पोट भरत नाही. माया आहे तेवढीच आहे, कमी केलेली नाही.

ताई


दि. १५ मे

ती. सौ. ताईस,

नमस्कार, तोही दात-ओठ खात.

तुला कुणी सांगितलं होतं खिडकीपाशी जायला? आता त्या कारकूनबाईंपासून शिपायापर्यंत सगळे माझ्या वळणदार अक्षरावर हसत असतील.

आणि नववी अट मला दाखवू नकोस. हो, नाही वाचली. प्रेमात पडलेला माणूस बारीक अक्षरं वाचतो का? पण तिने तर वाचली होती ना? मग तीन आठवडे तिला झोप कशी लागली? तिच्या जागी मी असतो तर पहिल्याच संध्याकाळी तिला गाठून सांगितलं असतं. रद्द तर रद्द, मसणात गेलं काम. माणूस मोठा की छापील कागद? माझ्यापुरतं उत्तर मला ठाऊक आहे. तिचंही कळलं, भर सभेत कळलं.

आठ दिवसांत तिला सात पत्रं लिहिली आणि सातही फाडली. काल जोडणी करताना तिचाच विचार चालला होता, तर काच तीनदा तुटली. मुकादम म्हणाला की जा, आधी चहा पिऊन ये. त्याच्यावरही खेकसलो.

मी परत येणार नाही. तुझा लोभ मात्र सोडवत नाही, तो राहू दे.

तडतड्या


दि. २० मे

चि. (अजूनही चिरंजीवच) तडतड्यास,

आशीर्वाद आहेत, पण या वेळी माझाही पारा चढलाय, नीट बसून वाच.

पहिल्याच संध्याकाळी सांगितलं असतंस म्हणे. मोठा आलाय दानशूर! तो कागद पुन्हा आठव, दोघांचंही काम रद्द असं लिहिलंय. तुझ्या त्यागात तिची दोन वर्षंही गेली असती. ती तिला न विचारता परस्पर वाहून टाकणार होतास का? यालाच प्रेम म्हणत असशील तर ती वाचली म्हणायची.

मी तिला भेटले. एवढीशी आहे रे ती, आणि बोलते मात्र कोर्टात उभी असल्यासारखी. तिच्या वाट्याला एक्केचाळीस जागा होत्या. आकडे जुळेनात म्हणून त्या सगळ्या जागा ती तीनदा मोजून आली. आपलंच काहीतरी चुकलं असेल, अशी आशा होती म्हणाली. हे सांगताना एकदाच खिडकीबाहेर बघितलं तिने. दुसरा कुणी नाही, मी स्पष्ट विचारलं. तर मलाच झापलं, की हा प्रश्न तुमचा की त्याचा?

तुला काही निरोप आहे का असंही विचारलं. म्हटलं, आता तरी दोन गोड शब्द पाठवील. तर म्हणाली, मध्येच केबल बदलली होती का ते विचारा, कारण बारा जागांवर फरक दुप्पट नाहीये, वेगळाच येतोय.

तू आणि ती, दोघांपुढे हात टेकले.

एकोणतीसनंतर मी बाबांशी खोटं बोलणार नाही. तू ये, त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बस आणि स्वतःच्या तोंडाने सांग.

तुझ्यावर चिडण्याइतकी माया आहे, ती वाढतेच आहे.

ताई


दि. २३ मे

ती. सौ. ताईस,

साष्टांग नमस्कार. हा खराखुरा.

तुझं पत्र रस्त्यात उभ्याने वाचलं आणि घाम फुटला. केबल बदलली होती! सायकल आडवी झाली, केबलचं टोक चिरडलं, म्हणून लॅबच्या कपाटातली दुसरी लावली, लांबीला जास्त होती, म्हणजे सिग्नलही तिच्यात जास्त विरणार. कितव्या जागेपासून ते कुठेही लिहिलं नाही. मुकादमाला सांगून त्याच दुपारी निघालो.

काल वकीलबाई विभागाच्या जिन्यात भेटली. अर्धा तास भांडलो. प्रेमाबद्दल एक अक्षर नाही, केबल शंभराव्या जागेआधी बदलली की नंतर, यावर. ती म्हणाली, ज्या माणसाला हे आठवत नाही त्याच्या नकाशावर तिने विश्वास का ठेवावा. मी म्हणालो, ठेवू नकोस. तर म्हणाली, ठेवायचाय म्हणून तर विचारतेय. माझी अजून आग आग होतेय, आणि तरी काल पहिल्यांदा पोटभर जेवलो.

आता सरांकडे चाललोय. बाबांना एवढ्यात काही सांगू नकोस, जे असेल ते मीच येऊन सांगेन. तुझा लोभ असाच झापत राहो.

तडतड्या

ता. क. सर भेटले. म्हणाले, इतकं काय त्यात, दुप्पट म्हणजे आपल्या डेसिबलच्या मापात तीन जास्त, तेव्हा सगळ्या आकड्यांतून तीन-तीन वजा कर आणि सोमवारी देऊन टाक. मी केबलचं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले की पडताळणी एकदा झालीय, आता पुन्हा कुणी मोजायला जात नाही, कुणाला दिसणार आहे? ताई, सतरा एप्रिललासुद्धा इतका राग आला नव्हता. मी म्हणालो, मला दिसणार आहे, तुम्हालाही आत्ता दिसलंय, सगळ्या जागा पुन्हा मोजतो. त्यांनी आठवण करून दिली की जागा चारशे बारा आहेत आणि दिवस सहा, जमलं नाही तर नोंदणी जाईल, मग त्यांच्याकडे रडत यायचं नाही. नाही येणार म्हणालो. कपाटातून मीटर आणि अँटेना काढली, केबलचा नंबर वहीत पहिल्या ओळीत लिहिला, त्यावर त्यांचीच सही घेतली, बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.