वाळवणाचं आवार कोणाला मिळणार नाही, त्याचं मृत्युपत्र

मी, खाली सही करणारी, वय वर्षं शहात्तर, धंदा मासे वाळवून विकणे, राहणार समुद्राकडच्या शेवटच्या घरात, गावात वाळवणआजी म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र कोणाच्या दबावाने नाही, तर अतिशय आनंदाने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्यांनी विचारलं, "आजी, आज वार कोणता?" मी वार सांगितला, भरतीची वेळ सांगितली, आणि त्यांच्या दवाखान्यातलं पायपुसणं वर्षभरात धुतलेलं नाही हेही सांगितलं. त्यांनी लगेच शिक्का मारला. शिक्षण चौथीपर्यंत. शुद्धलेखन वकीलबाईंनी तपासलं, मजकुराला हात लावू दिला नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण यापूर्वी माझ्या मरणाची कोणी वाट बघत नव्हतं.

कलम १. माझं घर आणि समुद्र यांच्या मधलं वाळवणाचं आवार माझं स्वकष्टार्जित आहे. हा शब्द वकीलबाईंचा. अर्थ असा, की यात सासऱ्यांचा, नवऱ्याचा किंवा मुलाचा एक दगडही नाही. हे आवार मी किनारा समितीला देते. समिती म्हणजे आमच्या गल्लीतल्या अकरा बायका, रीतसर नोंदणी झालेल्या. समितीने ते कधीही विकू नये, गहाण टाकू नये, आणि हॉटेलवाल्या गॉगलशेठना तर भाड्यानेसुद्धा देऊ नये.

कारण लिहू नका, असं वकीलबाई म्हणत होत्या. पण कारण लिहिलं नाही, तर मेल्यावर लोक आपापल्या सोयीचं कारण चिकटवतात. म्हणून लिहिते.

पाच वर्षांपूर्वी नगरपालिकेने पर्यटन विकासाची सभा घेतली. आम्ही बायकांनी सात मागण्या लिहून नेल्या: संडास, कपडे बदलायला आडोसा, गाड्या गल्लीबाहेर, कचऱ्याची सोय, होड्या ओढायला मोकळी जागा, गावातल्या घरांत पाहुणे ठेवायची परवानगी, आणि समुद्रावर जायची वाट कोणी अडवू नये. पाहुणे नकोत असं आम्ही कधीच म्हटलं नाही. येऊ देत की! पण आलेल्या बाईमाणसाला माझ्या कुंपणाआड बसावं लागतं, हा कसला विकास? मी तिसरी मागणी वाचत होते, तेव्हा गॉगलशेठ म्हणाले, "आजी, तुम्ही मासे वाळवा. विकास आम्ही बघतो." सगळी सभा हसली. (आताचं मोठं हॉटेल यांचंच. गॉगल डोळ्यांवर कधी दिसला नाही, कायम डोक्यावर.) मी वाचायला उभी होते तेवढ्यात अध्यक्षांनी माझी खुर्ची फोटोवाल्याला वर चढायला दिली. खाली बसायला जागाच नव्हती. उरलेल्या चार मागण्या कोणी ऐकल्या नाहीत, पण मी वाचल्या.

पुढच्याच महिन्यात शेठनी हॉटेलच्या जागेची मोजणी आणली. मोजणीदार आले तेव्हा ओहोटी होती. ओहोटीला आमचा समुद्र इतका मागे जातो, की परक्या माणसाला वाटतं हे मैदानच आहे. त्या ओल्या वाळूत यांनी लाल झेंडे रोवले! मी वाळवणाच्या मांडवावर मासे उलटत होते. सांगायला तोंड उघडलं होतं, खोटं कशाला लिहू? "अहो शेठ," एवढंच म्हटलं. ते म्हणाले, "आजी, सावलीत बसा, मोजणीत मध्ये मध्ये बोलू नका." मी सावलीत बसले. मोठ्या माणसाचं ऐकावं.

त्यांनी भिंत बांधली, कमान केली, समुद्रात उतरायला पांढऱ्या दगडाच्या पायऱ्या केल्या. पहिल्या पौर्णिमेला पाहुणे नटूनथटून पायऱ्या उतरले आणि चपला हातात घेऊन परत आले. दिवसातून दोनदा कमानीत गुडघाभर पाणी. तेव्हा कोरड्या पायाने किनाऱ्यावर जायला एकच वाट उरते, आणि ती माझ्या आवारातून. त्या दिवशी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

मग शेठ आले. गॉगल हातात होता. "आजी, तुम्ही मला आईसारख्या."

"मग आईची खुर्ची कशी काढू दिलीत?"

त्यांना आवाराला फाटक लावायचं होतं. आत फक्त हॉटेलचे पाहुणे. मी नाही म्हटलं. तसं त्यांनी माझ्या थोरल्याला हॉटेलात गाड्यांवर देखरेखीला ठेवलं. आणि गेल्या महिन्यात, मी भाजी चिरत होते, तेव्हा ओसरीवर थोरला त्यांना म्हणाला, "ती आहे तोवर थांबा, शेठ. मग आपलंच आहे."

ती म्हणजे मी. विळी तिथेच ठेवली आणि वकीलबाईंकडे गेले.

कलम २. आवारातून समुद्रावर जायची वाट सगळ्यांना, सगळ्या वेळी खुली राहील. हॉटेलच्या पाहुण्यांनाही अडवू नये. पाहुणा तो पाहुणा, त्याने मोजणी केलेली नाही. मात्र वाळवणाचे मांडव आहेत तिथेच राहतील. वारा तिथून शेठच्या जेवणाच्या गच्चीवर जातो. वाऱ्याबद्दल मी काही करू शकत नाही, मेल्यावर तर नाहीच.

कलम ३. बँकेत जे शिल्लक असेल त्यातून आवारात दोन संडास आणि कपडे बदलायची खोली बांधावी. पाटीवर माझं नाव नको. सात मागण्या लिहाव्यात, आणि अक्षरं एवढी मोठी असावीत की अध्यक्षांना चष्म्याशिवाय वाचता येतील.

कलम ४. आमचे हे होड्या बांधत. त्यांचे रंधे, करवती, पटाशी आणि हातोडे धाकट्या लेकीला. ती आता होड्या दुरुस्त करते, आणि बापापेक्षा बरी करते. हे त्यांना जिवंतपणी सांगायची माझी हिंमत झाली नाही.

कलम ५. राहतं घर थोरल्याला. पोटचा आहे, बाहेर कसा काढू? लहानपणी भरतीला घाबरून माझ्या कमरेला मिठी मारायचा, ते अजून आठवतं. पण त्याने आवारासाठी कोर्टात पाऊल टाकलं, तर घरही समितीला जाईल. त्याची निजायची खोली आवाराकडच्या खिडकीची. बदलू नये. सकाळी उठून गाव समुद्रावर जाताना बघावं त्याने.

कलम ६. हे सगळं अंमलात आणायचा अधिकार माझ्या नातीला, म्हणजे थोरल्याच्याच मुलीला देते. ती समितीचा पत्रव्यवहार बघते. थोरल्याला काही हवं असेल तर स्वतःच्या लेकीकडे लेखी अर्ज करावा. पोरी, बाप म्हणून चहा दे, अर्ज मात्र नियमाने तपास.

कलम ७. माझी मोडकी, तीन पायांची खुर्ची अध्यक्षांना. घरपोच द्यावी, फोटो काढावा.

कलम ८. शेवटचा प्रवास आवारातून, आणि भरतीच्या वेळी. ओहोटी असेल तर भरतीपर्यंत थांबावं, मला कुठे घाई आहे? गॉगलशेठ आले तर येऊ द्यावं, पण त्यांनी त्यांच्या कमानीतून यावं. तेवढं माझ्यासाठी करावं. आईसारखी होते ना.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, नातीने मोठ्याने वाचून दाखवला, आणि ऐकताना मी तीनदा हसले, हे साक्षीदारांसमोर मान्य करते.

ठिकाण: वाळवणाचं आवार, मधल्या मांडवाखाली.
ता. १२ मे २०२५, सोमवार, पौर्णिमा. कमानीत पाणी गुडघ्याच्या वर.

सही: (वाळवणआजी. अंगठा नाही, सही.)

साक्षीदार पहिले: डॉक्टर. सही केली. पायपुसणं धुतलं म्हणतात, बघून येईन.

साक्षीदार दुसरे: मोजणीदार, आता निवृत्त. सही करण्याआधी यांनी मला विचारलं, "आजी, तेव्हा सांगितलं का नाहीत?" मी म्हटलं, "विचारलंत का?" मग बिचारे पँट वर दुमडून पाण्यात उतरले. आवाराचा सोबत जोडलेला नकाशा त्यांनीच काढला आहे, भरती पूर्ण असताना.