मानपानातला फिशिंग रॉड

कॉव्हेंट्री,
रविवार, दुपारची जेवणं आटोपल्यावर

ती. पुरुदादास,

रागावलेल्या मोठ्या भावाला कुठला मायना घालावा हे मला कोणी शिकवलेलं नाही, म्हणून आपला नेहमीचाच घालते. अनुराधाचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? वरदावहिनी जिन्यावरून घसरल्या होत्या, त्यांचा हात आता वर जातो का? (कुकर उतरवण्यापुरता जात असेल तर बरं. तुझ्या टाळक्यात एक घालण्यापुरता जात असेल तर फारच उत्तम.) आम्ही इकडे ठीक आहोत. शशीची प्रेशरची गोळी बदलली. चैत्राली ‘आय ॲम फाइन’ म्हणते, म्हणजे ती मुळीच फाइन नाही, आणि त्याचं कारण तू आहेस. मागे फोनवर तू म्हणालास ना, की ज्या घरात रीतभात नाही त्या घरात मी भाची देणार नाही, आणि मामा म्हणून मांडवात उभाही राहणार नाही? दादा, फोन स्पीकरवर होता. माझे हात कणकेचे होते म्हणून. पोरगी मागे उभी होती. तेव्हापासून लग्नाचा विषय निघाला, की ती मामाचं नाव गाळून बोलते. म्हणून हे पत्र. फोनवर तू मध्येच बोलतोस, पत्रात तुला तोंड उघडता येत नाही.

तर आधी व्याह्यांची ओळख करून देते, कारण तू ती करून घ्यायलाच नकार दिला होतास. डॅनियलच्या वडिलांचं नाव ग्लिन. (मी ग्लिनराव म्हणते. त्यांना ‘राव’चा अर्थ सांगितला तर ते लाजले.) टपालखात्यातून रिटायर झालेत, वेल्सच्या किनाऱ्यावर एका लहानशा गावात राहतात. बायको चार वर्षांपूर्वी गेली. आता त्यांना जगात दोनच गोष्टी आहेत, डॅनियल आणि बास. बास हा समुद्रातला एक चंदेरी मासा, आणि ग्लिनराव तो कयाकमधून पकडतात. कयाक म्हणजे गवारीच्या शेंगेसारखी एक होडी, तिच्यात पाय लांब करून बसायचं आणि आपलं आपण वल्हवत समुद्रात जायचं. (हो, मासे पकडतात. हो, आपण देशस्थ. पुढे वाच.)

आमचं रीतसर भेटायला जायचं ठरलं, पहिल्यांदाच. आता व्याह्यांच्या घरी पहिल्यांदा जायचं आणि हात हलवत जायचं? आईने वरून हाक मारली असती मला. शशी म्हणाला, गिफ्ट कार्ड दे. मी म्हटलं, अरे, पाकिटात घालून द्यायला ते काय सत्यनारायण सांगायला आलेत? चैत्राली म्हणाली, “आई प्लीज, तुझा ड्रामा नको. छोटा वस्तू दे.” छोटा वस्तू! इथे जन्मलेल्या मुलीला मानपान काय समजावणार, कपाळ! सुटाचं कापड त्यांना नको, घड्याळ ते घालत नाहीत. मग माझ्या डोक्यात आलं की माणसाला जे प्राणापलीकडे आवडतं ते द्यावं, आणि मी एका शनिवारी शशीला गाडीत कोंबून मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गेले. (कॉव्हेंट्रीपासून कुठल्याही दिशेला गाडी हाणा, समुद्र लवकर यायचा नाही. तरी इथे असलं दुकान आहे, हेच पहिलं आश्चर्य.)

दादा, मला वाटलं होतं एक काठी, एक दोरा, एक गळ, झालं. दारातून आत पाऊल टाकलं आणि मी आ वासून उभी राहिले. देवळात गेल्यावर आपोआप आवाज खाली येतो ना, तसं झालं. छतापर्यंत रॉडच रॉड. दुकानदार सज्जन होता, त्याने पहिला प्रश्न विचारला की व्याही गळ उभे राहून टाकतात की बसून? किनाऱ्यावर उभं राहून टाकायचा तर नऊ फुटी रॉड लागतो, म्हणजे गळ लाटांच्या पलीकडे जातो. कयाकमध्ये बसून असेल तर सात फुटी, कारण मासा होडीच्या कडेला आला की लांबलचक काठी हातात घेऊन माणूस नुसता बावचळतो. मग रीळ. ते असं घट्ट बंद केलेलं हवं, की खाऱ्या पाण्याचा थेंब आत जाता कामा नये. मग दोरा, आपल्या शिलाईच्या दोऱ्याइतका बारीक, पण त्याने तांदळाचं पोतं उचलावं! आणि त्याच्या टोकाला आणखी एक दोरा, जो पाण्यात दिसतच नाही. मी दोनदा हात लावून खात्री केली की तो आहे. बाई गं, माणसाची अक्कल कुठवर जाते!

कयाकवाल्यांचा तर कोपराच वेगळा. रॉड खोचायला भोकं, मासा उचलायला रबरी जाळी (साध्या जाळीने त्याची खवलं निघतात म्हणे, आणि हे लोक त्याच्या खवल्यांची काळजी करतात), गळ काढायला लांब चोचीची पकड. आणि दोऱ्या! रॉडला दोरी, पकडीला दोरी, वल्ह्याला दोरी, सगळं होडीला बांधलेलं. दुकानदार म्हणाला की कयाक उलटली, तर जे बांधलं नाही ते समुद्राचं. मला आईच आठवली. ती प्रवासात चाव्या, पाकीट आणि तू, तिन्ही गोष्टी पदराच्या टोकाला धरून ठेवायची. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, शशी मेला लाइफ जॅकेटांच्या किमती बघत होता.

मग नकली माशांची भिंत. त्यांना लुअर म्हणतात. बासला खरा मासा वाटावा म्हणून प्लॅस्टिकचे बोटभर मासे, पोटाला गळ लावलेले. एकेकाचे डोळे असे, की आपल्यालाच ओळखतात की काय! आणि रंग बघून तर मी शहारले. मोरपंखी, आंबा कलर, डाळिंबी, राणी कलर, एक तर अस्सल चिंतामणी. इतका वेळ मी अडाण्यासारखी मान डोलावत होते, पण रंगात मला कोण शिकवणार? मी पदर खोचला (जीन्समध्ये होते, पण मनाने खोचला) आणि म्हटलं, दाखवा. हा नको, त्याच्या वरचा. तो नको, याच्यातच फिक्का आहे का? काउंटरवर ढीग झाला. मग त्यातले पाच-सहा उचलले आणि तडक दुकानाबाहेर गेले.

दुकानदार धावत माझ्यामागे! त्याला वाटलं, बाई माल घेऊन पळाली. शशी तर मी आपली कोणीच नाही असा चेहरा करून उभा. अरे, ट्यूबलाइटखाली कधी रंग घेतात का? साडी उजेडात नेऊन बघायची, हे आपल्याकडे शेंबड्या पोरीलाही कळतं. बाहेर आभाळ भरलेलं होतं, राखाडी, म्हणजे समुद्रावर असतं तसंच. आत ज्याच्यावर माझा जीव बसला होता तो राणी कलर बाहेर अगदी भडक, बोहारणीला देण्याच्या लायकीचा दिसला. आणि आत जो मेंगळट वाटला होता, मोतिया पोटाचा, पाठीवर पिस्त्याची झाक, तो बाहेर असा जिवंत झाला की मी दचकून हात मागे घेतला. मी दुकानदाराला म्हटलं, मासा काय तुमच्या दुकानात येऊन बघणार आहे का? तो आत गेला आणि स्वतःच आणखी एक ट्रे घेऊन बाहेर आला, आणि आम्ही दोघं फुटपाथवर उभं राहून रंग बघत बसलो. असं करणारं गिऱ्हाईक पहिलंच, असं त्याने कबूल केलं.

सगळं जमलं, आणि मग लक्षात आलं. एकूण एक रॉड काळा! शुभकार्यात व्याह्यांना काळी वस्तू? पांढरा नाही का म्हणून विचारलं, तर एक गुलाबी होता, तो लहान मुलांचा. आणि वर गळ टोकदार. सुरी-कात्री आपण कोणाच्या हातात देत नाही, खाली ठेवतो, नाहीतर भांडणं होतात, आणि इथे मी पहिल्याच भेटीत डझनभर टोकं घेऊन निघालेली. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. शेवटी काळ्यावर उपाय काढला. माझी जुनी इरकल होती ना, आईने दिलेली, तिचे काठ-पदर काढून रॉडला पिशवी शिवली आणि त्याच्या बुचाच्या मुठीला हळदीकुंकवाचं बोट लावलं. पाच लुअर एका डबीत, वर हळकुंड. टोकांवर मात्र उपाय सुचेना. ठरवलं, की डबी टेबलावर ठेवायची, हातात द्यायचीच नाही.

आणि दादा, आता नीट बस. चष्मा लाव. ग्लिनरावांनी पिशवी उघडली, रॉड बाहेर काढला, काठांवरून बोट फिरवलं, आणि मग परत एकदा फिरवलं. मग मी डबी टेबलावर ठेवली. त्यांनी झाकण काढलं, गळ दिसले, आणि ते एकदम ताडकन उठून आत गेले. मी मनात म्हटलं, संपलं, टोक दिलं आणि नातं तुटलं. आत ड्रॉवर उघडल्याचे आवाज, खिसे झटकल्याचे आवाज, मग बाहेर गाडीचं दार. परत आले ते एक नाणं घेऊन. एक पेनी. माझा हात धरून त्यांनी ती माझ्या तळव्यावर ठेवली आणि माझी मूठ मिटवली. मी लालबुंद. व्याही मला टीप देतात? डॅनियल हसायला लागला आणि म्हणाला, की त्याच्या पणजीची शिकवण आहे, कोणी टोकदार वस्तू भेट दिली तर लगेच पैसा द्यायचा, म्हणजे ती विकत घेतल्यासारखी होते आणि मायेला चीर जात नाही.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला रे! माझी रीत मी न बोलता पाळली, आणि त्यांनी त्यांची धावत जाऊन पाळली. घरात चिल्लर नव्हती तर गाडीत जाऊन शोधली. तू कधी माझ्यासाठी गाडीपर्यंत गेलास? आणि म्हणे रीतभात नाही! ती पेनी मी देव्हाऱ्यात, अन्नपूर्णेच्या शेजारी ठेवली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो. त्यांची कयाक दोघांची आहे. पुढची सीट बायकोची होती, आता रिकामीच नेतात. सगळं दोरीने बांधलं, पुन्हा एकदा ओढून बघितलं, इरकलची पिशवी घडी घालून माझ्याकडे दिली, आणि एवढ्याशा शेंगेत बसून एवढ्या मोठ्या पाण्यात निघून गेले. दादा, मी इतकी वर्षं या देशात आहे, पण त्या सकाळी मी समुद्राकडे बघून पहिल्यांदा गप्प बसले. (शशीने फोटो काढला आहे, पुरावा म्हणून.) खडकांपाशी त्यांचा रॉड वाकला, आणि ते हळूहळू त्याला खेळवत उथळ पाण्यात, आमच्यासमोर आले. चांदीचं ताट घासून ठेवावं तसा मासा, पाठीवरचे काटे ताठ उभे. आणि त्याच्या ओठात कोण? माझा मोतिया-पिस्ता! मी वाळूत ओरडले, उड्या मारल्या, लोक बघायला लागले.

त्यांनी तो पट्टीवर मोजला. नियमापेक्षा लहान निघाला. मग दोन्ही हातांत धरून पाण्यात ठेवला, त्याचं तोंड प्रवाहाकडे करून, आंघोळ घालताना तान्ह्या बाळाला धरावं तसा, त्याला दम येईपर्यंत. त्याने शेपूट हलवली तेव्हा सोडला. मी हात जोडले. (मोठा असता तर घरी नेऊन खाल्ला असता, हे तुझ्यापासून लपवत नाही.) पण अशा हातांच्या माणसाच्या घरी माझी पोरगी जाते आहे, आणि मला रात्री झोप लागते. तुला एवढंच सांगायचं होतं.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला तेल लाव.

तुझी धाकटी,
अनु

ता. क. तिकडे आपल्या गुरुजींनी मे महिन्यातला मुहूर्त काढला आहे, तो बदलून आण. मे महिन्यात बास किनाऱ्याला येतो, तेव्हा व्याही मांडवात बसले तरी लक्ष पाण्यावर. बासच्या माद्या थंडीत लांब खोल समुद्रात जातात, अंडी घालायला, म्हणजे बाळंतपणालाच म्हण ना. त्या माहेरी गेल्या की व्याही मोकळे. फेब्रुवारी बघ. गुरुजींना खरं कारण सांगू नकोस.

ता. क. दुसरा. निघताना ग्लिनरावांनी विचारलं, की नवरीला मांडवात कोण आणतं? मी सांगितलं, मामा. त्यांनी विचारलं, मग तो येणार ना? चैत्राली बुटाची नाडी बांधायला खाली वाकली आणि वर बघेचना. दादा, मी म्हटलं, येणार म्हणजे काय, येणारच. ते म्हणाले, मग लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पुढची सीट त्याची.

ता. क. तिसरा, आणि पत्र लिहायचं खरं कारण. छातीचं माप कळव. शिंपी शेरवानीसाठी मागतो आहे आणि व्याही लाइफ जॅकेटसाठी. फक्त माप घेताना रागाने छाती फुगवू नकोस, दोन्ही ढगळ होतील.