तळपायांची तोंडी परीक्षा

३ मार्च, सकाळी
पादत्राणांचा इतका अधःपात झालेला असताना समाज गप्प कसा, हे कळत नाही. आज जिन्यात उजवी चप्पल पायातून निघून गेली आणि मला शाळेच्या फाटकापर्यंत पत्ता नाही. शिपायाने अदबीने विचारलं, सर, दुसरी मागून येतेय का?

हिला सांगितलं. ही म्हणाली, चपलेला नावं ठेवू नका. बारा वर्षं शुगर आहे, पाय दाखवून घ्या.

५ मार्च
दवाखाना. डॉक्टरीणबाई माझीच जुनी विद्यार्थिनी. तेव्हा मी तिला बाकावर उभी करायचो, आज तिने मला वजनकाट्यावर. मधुमेहात नसा कशाकशाने बिघडतात, त्याची यादी दिली. घरी लाल पेन घेऊन तपासली.

जुना मधुमेह: बारा वर्षं. पैकी पहिली चार मी त्याची दखलच घेतली नव्हती, म्हणजे आठ.
वाढलेली शुगर: फक्त रिपोर्टात वाढते.
सिगारेट: सोडली. (सोमवारपासून.)
बीपी: ही समोर असताना मोजू नये.
वजन: उंचीला शोभेलसं.
उंची: हीसुद्धा यादीत. उंच माणसाच्या नसा लांब, म्हणून धोका जास्त म्हणे. हा दोष वडिलांचा.

एकंदरीत उत्तीर्ण.

८ मार्च
संकल्प: रोज चार किलोमीटर चालणे. आज पाऊण झालं. उद्या सव्वासात, की फिटंफाट.

९ मार्च
विश्रांती. शरीराचंही ऐकावं लागतं. सिगारेट एकच, तीही मोकळ्या हवेत.

१२ मार्च
उद्या तळपायांची परीक्षा. आपण डोळे मिटायचे, बाई नायलॉनचा बारीक धागा टेकवणार, जाणवलं की 'हो' म्हणायचं. तीस वर्षं परीक्षा घेतल्या. एक द्यायला काय जातंय.

१३ मार्च, संध्याकाळी
बाईंचं स्टूल कुरकुरतं. धागा टेकवायला वाकल्या की कुर्र. हे पहिल्या मिनिटात ध्यानात आलं. मग काय, कुर्र, हो. कुर्र, हो. दहाच्या दहा. ऐटीत डोळे उघडले.

धागा टेबलावर होता. बाई हाताची घडी घालून नुसत्या स्टुलावर डुलत होत्या.

म्हणाल्या, सर, चौथ्यानंतर मी टेकवलाच नाही. कविता पाठ नसली की वर्गात मी नुसते ओठ हलवायचे, ते तुम्ही बरोबर ओळखायचात. ही शेजारी बसून होती. हसली नाही. एरवी अशी संधी ती सोडत नाही.

दोघींना वाटतंय, मी सहा वेळा खोटं बोललो. पहिल्या चार वेळाही मला काही जाणवलं नव्हतं. गेले सहा महिने तळवे बधिर आहेत आणि हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. पाय गमावण्याची मला फार भीती वाटते. आता हिला हाक मारतो आणि सांगून टाकतो.