दिव्याखालचं पीठ

४ जानेवारी, धावडा
पोचले एकदाची! टेम्पोवाला जालन्यापासून विचारत होता, एवढ्या पेटीत काय, पाण्याची मोटार? दुर्बीण म्हटल्यावर हिरमुसला. नंदाबाईंच्या घराची वरची खोली मिळाली, बाहेर मोकळी गच्ची. काम सोपं आहे. एका ताऱ्यावर डोळा ठेवायचा. त्याचा उजेड किंचित घटला, की समोरून ग्रह गेला असं समजायचं. तिथे पाणी आहे का, जीव आहे का, ते पुढचे लोक बघतील. माझा सात वर्षांचा मुकुल गेल्या वर्षी गेला, तेव्हापासून घर खायला उठतं, म्हणून हे काम मी मागून घेतलं. नंदाबाईंनी दुर्बिणीलाही हळदकुंकू लावलं. काच तेवढी वाचवली.

८ जानेवारी
नंदाबाईंची लेक दैवशाला मागच्या वर्षी तापाने गेली. दहाव्याला त्यांनी पिठावर दिवा ठेवून टोपलं झाकलं. सकाळी पिठात ज्याचं पाऊल उमटेल, त्याच्या जन्माला माणूस गेला असं मानतात. "पीठ कोरंच राह्यलं ताई, मुंगीबी न्हाई. मंग पोरगी गेली कुठं? तुमच्या त्या दुसऱ्या पृथ्वीवर?" मला नाही म्हणवेना. असेल, म्हणाले.
मुकुलसाठी आम्ही पीठ पसरलं नव्हतं.

१३ जानेवारी
आता बाई रोज संध्याकाळी गच्चीत पिठावर दिवा ठेवून टोपलं झाकतात. फटींतून येणाऱ्या उजेडाने माझ्या निरीक्षणाचं वाटोळं, पण आईला काय सांगणार? काल ताऱ्याचा उजेड घटला. आज सकाळी पिठात लहान मुलाचं पाऊल. बाई रडत हसत होत्या. त्यांनीच उमटवलं असेल. आमच्या कामात तीनदा दिसल्याशिवाय ग्रह मानत नाहीत.

१५ जानेवारी
पुन्हा. उजेड जास्त घटला. दोन पावलं, दोन्ही दिव्याकडे येणारी. परत जाणारं एकही नाही. रात्री काम आटोपून गच्चीला कुलूप मीच लावलं होतं, किल्ली माझ्या उशाशी.

१७ जानेवारी
तिसऱ्यांदा. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. मुकुलची तशीच— बाई म्हणतात, दैवशालाच, बिलकुल तिचीच टाच. पाऊल एकच. दोघींना आपापलं लेकरू दिसतंय. मग ते आहे कुणाचं?

१८ जानेवारी
तारा नाही. आभाळ स्वच्छ, बाकीचे सगळे जागेवर. बाईंना खाली चला म्हटलं. न्हाई म्हणाल्या. ताट वाढून बसल्यात.
पळायला हवं. पण मुकुलच असला तर— वर्षभर एकटा—
टोपलं हललं. दिव्यात तेल आहे. वारा नाही. उजेड घटतोय. म्हणजे मध्ये कुणीतरी—