नामदेवची शिशी

आलापल्ली, १२ नोव्हेंबर १९५७
माझ्या दिवंगत पत्नीच्या, सुशीलेच्या, धाकट्या भावास, नामदेवास, लाल लघवी होते. वेदना नाही. सुशीलेचेही असेच सुरू झाले होते. आम्ही उष्णता समजलो. पुढे मूत्राशयात तपासणीची नळी घातली तेव्हाच्या तिच्या किंकाळ्या... असो. नागपूरचे डॉक्टर लिहितात: मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशी लघवीतून गळतात, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात, प्रथम नळी नको. स्पिरिट घातलेल्या काही शिश्या पाठविल्या आहेत.

१५ नोव्हें.
नामदेवचा नकार. "मूत कोनी शिशीत भरून देते का, भाऊजी? करनी करून राह्यले का माह्यावर?" सासूबाई दारातून ओरडल्या, "पोरगी खाल्ली, आता पोरगा बी पायजे का जावईबापूले?" परतलो.

१७ नोव्हें.
पुन्हा गेलो. त्याने शिशी बैलगाडीच्या चाकावर फोडली. मी त्याची मान धरून तोंड त्याच चाकावर आपटले. एकदा नव्हे. त्याने कुऱ्हाड उलटी करून माझ्या खांद्यावर घातली. सासूबाई मध्ये पडल्या, म्हणून दोघे जिवंत आहोत. ज्या तपासणीत शरीरास सुईही लागत नाही, तिच्यासाठी मी त्याचे दात पाडले.

१८ नोव्हें.
हात उचलवत नाही. कचेरीत साहेबांस सांगितले, घसरून पडलो. सुशीला असती तर

२० नोव्हें.
नामदेव कचेरीत आला. ओठ फाटलेला. सर्वांदेखत म्हणाला, "देतो. पन तुमी बी भरा. तुमची शिशी माह्या घरी राहीन. मले काई झालं तं मांत्रिकाले देईन."
"मान्य."
"हासू नका."
मी हसत नव्हतो. कचेरीमागे जाऊन माझी शिशी भरून दिली. त्यानेही भरली; ती नागपुरास रवाना.

४ डिसें.
उत्तर: संशयास्पद पेशी आढळल्या; खात्रीसाठी पुन्हा ताजी लघवी पाठवावी. दुपारी जाऊन वाचून दाखविले. नामदेवने कानशिलात भडकावली. "तुमीच केलं हे!" मी हात उचलला नाही. दुसरी शिशी पुढे केली. त्याने ती हिसकावून मुठीत अशी आवळली की काच फुटेलसे वाटले.
सासूबाई म्हणाल्या, "भर ना बापा. तिच्या वक्ताले आपन काऊन थांबलो?"
तो गोठ्यामागे गेला आहे. मी ओट्यावर बसून हे लिहीत आहे. शिशी त्याच्यापाशी आहे, कुऱ्हाडही. अद्याप आलेला नाही.